पळसदेवचा निवाडा आणि माझं कुलूप

३ फेब्रुवारी, सोमवार

शासनाने अखेर मला ओळखलं. उशिरा, पण ओळखलं.

शाखाप्रमुख रावसाहेबांनी केबिनमध्ये बोलावून ऑर्डर हातात दिली. सार्वजनिक अभिलेख कायद्याप्रमाणे प्रत्येक सरकारी कार्यालयाला एक अभिलेख अधिकारी नेमावा लागतो. म्हणजे ऑफिसातले जुने-नवे सगळे कागद लावणारा, सांभाळणारा, आणि गहाळ झाले तर शोधून काढणारा माणूस. इंदापूरच्या आमच्या पुनर्वसन शाखेत तो माणूस आजपासून मी. रावसाहेब म्हणाले, माऊली, तुमच्यासारख्याला काउंटरवर लोकांसमोर बसवणं बरोबर नाही. हेच मी इतकी वर्षं मनात म्हणत होतो.

बाहेर आलो तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात आधी त्या सोनमने. ती कॉम्प्युटरवरची नवी क्लार्क. तिला एवढा आनंद कशाचा? लक्ष ठेवायला हवं.

एसटीत बारामती येईपर्यंत कायदा वाचला. कागद विनापरवानगी बाहेर नेला किंवा नष्ट केला तर तुरुंगवास. वाचून फार बरं वाटलं.

संकल्प: माझ्या कारकिर्दीत एक चिटोरंही बाहेर जाणार नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रेकॉर्ड रूम ताब्यात घेतली. लांबट खोली, लोखंडी रॅक, लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे, आणि मधोमध गेणबाची खुर्ची. गेणबा आमचा शिपाई. त्याला विचारलं, खुर्ची इथे कशाला? म्हणे, दुपारी जेवल्यावर जरा पाठ टेकतो, हितं गार असतं. गार तर व्हरांड्यातही असतं. शासनाच्या गोपनीय कागदांत येऊन नेमकं कोण झोपतं?

खुर्ची बाहेर काढली. जुनं कुलूप बदलून बारामतीहून नेलेलं नवं लावलं. किल्ली जानव्याला बांधायचा विचार होता, पण मी जानवं घालत नाही. कमरेच्या करगोट्याला बांधली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

जे वाटलं होतं तेच.

सोनम वर्षभरापासून कागद स्कॅन करतेय. उघड उघड. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मी विचारलं, स्कॅन केलेलं जातं कुठे? म्हणाली, सर्व्हरवर. सर्व्हर कुठे आहे? म्हणाली, पुण्यात. म्हणजे इंदापूरचे अभिलेख रोज गेटपासशिवाय पुण्याला जातायत आणि कुणाला त्याचं काही नाही.

स्कॅनिंग तात्काळ बंद केलं. ती म्हणाली, “काका, थोडीच गावं राहिलीत, होऊ द्या ना.” काका! सरकारी ऑफिसात असं कुणी कुणाला म्हणतं का? स्कॅनरला कपाटात घालून कुलूप लावलं.

रावसाहेबांना सांगितलं. त्यांनी दोन्ही हातांनी डोळे चोळले. थकलेत बिचारे. इतकी वर्षं एकटेच लढत होते.

१० फेब्रुवारी, सोमवार

पहिलं प्रकरण.

पळसदेवची एक म्हातारी आली. प्रयागबाई. बरोबर नात, प्रतिक्षा. उजनी धरण झालं तेव्हा म्हातारीच्या सासऱ्याची जमीन पाण्यात गेली. नातीची आता जिल्हा परिषदेच्या भरतीत निवड झालीय, धरणग्रस्तांच्या जागेवर. बारा मार्चला कागदपत्रांची तपासणी आहे आणि त्यासाठी जुन्या निवाड्याची नक्कल हवी. निवाडा म्हणजे कुणाची कुठली जमीन सरकारने घेतली त्याचा लेखी निर्णय. मूळ प्रत आमच्या रेकॉर्ड रूममध्ये.

वरवर पाहता साधं. पण मी काउंटरवर आयुष्य काढलंय. पन्नास वर्षांत या बाईला हा कागद कधी लागला नाही आणि मी चार्ज घेतल्याबरोबर आठवड्याच्या आत लागतो?

आधी का आला नाहीत, असं विचारलं. म्हातारी म्हणाली, “आधी नात कुठं शिकलेली व्हती, भाऊसाहेब?” उत्तर तयार होतं. कुणीतरी पढवून पाठवलंय. मागे जमिनीचा दलाल असणार.

अर्जात सासऱ्याच्या आजोबांचं नाव नव्हतं. अर्ज अपूर्ण म्हणून परत केला. नातीने अर्ज घडी करून घेतला. नुसती बघत राहिली. अशी गप्प राहणारी माणसं मी ओळखून आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नवा निर्णय. नियमाप्रमाणे कागदांचे वर्ग असतात. अ म्हणजे कायमचे जपायचे, ब तीस वर्षं, आणि अगदी खालचे ड म्हणजे वर्षभर ठेवून रद्दीत द्यायचे. रद्दी म्हणजे पुरावा नष्ट करण्याचा सरकारमान्य मार्ग. म्हणून सगळेच कागद अ वर्गात घेतले. चहाची बिलंसुद्धा. चहा कुणी कुणाला पाजला यातूनच उद्या साखळी उलगडते.

बायको, कौसल्या, घरी म्हणाली, गॅसचं पुस्तक कुठे ठेवलंयत ते आधी आठवा. हिला अचानक गॅसचं पुस्तक कशाला हवं?

१६ फेब्रुवारी, रविवार

आज स्वतःच्या खर्चाने, सुट्टीच्या दिवशी, गुप्तपणे पळसदेवला जाऊन आलो. भिगवणपर्यंत एसटी, पुढे वडापची जीप. वेशांतर केलं होतं. गॉगल आणि मेव्हण्याची टोपी. कुणी विचारलं तर मासळीचा व्यापारी असं ठरवलं होतं.

पाण्याकडेला होड्या लागलेल्या. एका बाईला विचारलं, मासळीचा काय भाव? तिने वळून पाहिलं. प्रयागबाई.

“भाऊसाहेब,” ती म्हणाली, “उनाचं कुठं हिकडं? या, च्या घ्या.”

गॉगल काढला. काही इलाज नव्हता.

घरी नेलं. पत्र्याचं घर, दारात शेळी. नात चुलीपाशी भाकरी करत होती. मी जेवणार नाही म्हणून स्पष्ट सांगितलं, कारण अर्ज प्रलंबित असताना अर्जदाराकडे जेवणं म्हणजे सरळ लाच. म्हातारी म्हणाली, अर्ज तर तुमीच माघारी दिला, मग कसला परलंबित? मुद्दा कायद्याने बरोबर होता. म्हणून जेवलो. कालवण चिलापी माशाचं. दुसऱ्यांदा घेतलं ते निषेध नोंदवून.

जेवण झाल्यावर तिने पाण्याकडे हात केला. म्हणाली, तितं आमचं घर व्हतं, त्याच्या पल्याड हीर, आन हिरीपासनं वढ्यापतोर रान. मी बघितलं. पाण्याशिवाय काही दिसलं नाही. पुराव्याअभावी यावर काही मत नाही.

दलाल कुठे आढळला नाही. म्हणजे तो फारच हुशार असणार.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंतीची सुट्टी. ऑफिसात मी एकटा. हाच दिवस मुद्दाम निवडला.

विचार असा. चोर गठ्ठा शोधतो कशावरून? लेबलवरून. लेबलवर गावाचं नाव असतं. मग लेबल काढलं तर चोर आंधळा. दिवसभर राबून सगळ्या गठ्ठ्यांची लेबलं काढली आणि बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एसटी थांब्यांची नावं लावली. पळसदेवच्या गठ्ठ्यावर जंक्शन थांबा. की उलट? असो, मला पक्कं ठाऊक आहे. मग गठ्ठ्यांच्या जागा बदलल्या. मग मन भरेना म्हणून आतले कागदही अदलाबदल केले.

कुठल्या थांब्याखाली कुठलं गाव, हे कुठेही लिहिलेलं नाही. मुद्दामच. लिहिलं की तोही अभिलेख झाला आणि अभिलेख म्हटला की कुणीही माहिती अधिकारात मागणार. या वहीतसुद्धा लिहिणार नाही. फक्त माझ्या डोक्यात. डोक्याला कायदा लागू नाही.

खांदे दुखतायत. पण शिवजयंती सार्थकी लागली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

प्रयागबाई परत. या वेळी अर्ज पूर्ण. सासऱ्याच्या आजोबांचं नावही शोधून आणलेलं, पंढरपूरकडच्या कुठल्याशा नातेवाइकाला फोन करून. एवढी तयारी सामान्य माणूस करतो का?

तरीही मी कायद्याचा माणूस. अर्ज घेतला. आठवड्याने या म्हणालो. नातीने विचारलं, सर, बारा तारखेच्या आत मिळेल ना? मी म्हणालो, माझ्या इथला कागद जाग्यावरच असतो.

३ मार्च, सोमवार

सहज म्हणून पळसदेवचा गठ्ठा बघायला गेलो. जंक्शन उघडला. आत निरवांगीच्या कुणाचे तरी रजेचे अर्ज. मग लासुर्णे उघडला. चहाची बिलं. भवानीनगरमध्ये एक मेलेली पाल आणि जुनं कॅलेंडर.

पद्धत इतकी भक्कम आहे की क्षणभर मलाही चकवा बसला. चांगली खूण आहे.

उद्या शांत डोक्याने बघू.

५ मार्च, बुधवार

शांत डोक्याने बघितलं. आता शंका उरलेली नाही. चोरी झालीय.

म्हातारी आणि नात सकाळपासून व्हरांड्यात. शोध सुरू आहे म्हणून सांगितलं. नात उठून दारापर्यंत आली. “सर, कागद हरवलाय का?” असं हळूच विचारलं. मी म्हणालो, हरवणं आणि चोरीला जाणं यात फरक असतो, ताई, आणि तो फरक लवकरच कळेल. तिचा चेहरा पडला. तिच्या आजीने तिचा हात धरून खाली बसवलं. डोळ्यांत पाणी आलं होतं पोरीच्या. क्षणभर मलाही कसंतरीच झालं. मग लक्षात आलं, साक्षीदार असेच खचतात. चोर सापडेपर्यंत आपण भक्कम राहायचं.

६ मार्च, गुरुवार

संशयित: गेणबा. कारण: खुर्ची काढल्याचा राग.

तो पाणी आणायला गेला तेव्हा त्याची पिशवी तपासली. दोन भाकरी, ठेचा, बायकोच्या गोळ्यांची चिठ्ठी, साबण. साबण कशाला? बोटांचे ठसे?

तेवढ्यात तो दारात उभा. हातात पाण्याचा जग. त्याने जग ठेवला, पिशवी माझ्या हातातून घेतली, भाकरी परत फडक्यात नीट गुंडाळली. गेल्या महिन्यात माझा वाढदिवस त्याच्या एकट्याच्याच लक्षात होता, हे मला तेव्हाच का आठवलं कळेना. संशयितांबद्दल असं काही आठवू नये.

दुपारनंतर माझ्या टेबलावर पाणी आलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

रावसाहेबांपुढे कायदा ठेवला. अभिलेख गहाळ झाल्यास अभिलेख अधिकाऱ्याने तात्काळ कारवाई करायची असते. मी पोलिसांत तक्रार करायची परवानगी मागितली.

रावसाहेबांनी विचारलं, किल्ली कुणाकुणाकडे? म्हणालो, फक्त माझ्याकडे. खोलीत आणखी कोण जातं? म्हणालो, मी कुणाला फिरकू देत नाही. लेबलं कुणी काढली? मी. ते उठून खिडकीपाशी गेले. बाहेर रसवंतीशिवाय काही नाही. कटाची व्याप्ती ऐकून माणूस हादरतोच.

शेवटी म्हणाले, “माऊली, त्या मुलीची बारा तारीख आहे. तुम्हाला कळतंय ना?” मी म्हणालो, साहेब, म्हणूनच तर गुन्हा आधी दाखल व्हायला हवा.

१० मार्च, सोमवार

पोलीस हवालदार आले. राम नावाचे. समजूतदार माणूस. किल्लीबद्दल विचारलं, लेबलांबद्दल विचारलं. एसटी थांब्यांची कल्पना सविस्तर समजावली. त्यांनी पेन खाली ठेवून ऐकली. मग माझं पूर्ण नाव, वय, पत्ता, बारामतीत किती वर्षं राहता, सगळं लिहून घेतलं. मुख्य तक्रारदाराचा तपशील नीट लागतो.

जाताना रावसाहेबांशी काहीतरी बोलले आणि दोघे हसले. पोलिसांशी चांगले संबंध असणं तपासाला उपयोगी.

आज प्रयागबाई आली नाही. संशयास्पद.

१२ मार्च, बुधवार

माझ्या पाठीमागे घडलेलं, आज कळलेलं:

सोनमने मी स्कॅनिंग बंद करायच्या आधीच पळसदेव पूर्ण केलं होतं. परवा माझं हवालदारांशी चाललं होतं तेव्हा ती रावसाहेबांच्या केबिनमध्ये गेली. सर्व्हरवरून निवाडा काढला, प्रिंट घेतली, रावसाहेबांनी खरी नक्कल म्हणून सही-शिक्का मारला. आणि ती पळसदेवला पोचवायला कोण गेलं? गेणबा. स्वतःच्या मोटारसायकलवर. ऑफिस सुटल्यावर. कुणी सांगितलेलं नसताना.

म्हणजे तिघेही सामील.

सोनमला गाठलं. म्हणालो, मूळ अभिलेख न बघता नक्कल देणं बेकायदा आहे. तिने माझ्याच टेबलावरून कायद्याचं पुस्तक उचललं, पहिली पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. कॉम्प्युटरमध्ये साठवलेलंही कायद्याने अभिलेखच. माझ्या पुस्तकात कैद आणि दंडाच्या पानांखाली लाल रेघा आहेत. ही ओळ कोरी होती.

आवाज न चढवता बोलली. तिचं काहीतरी चुकलंच असणार. विचार करतोय.

१८ मार्च, मंगळवार

नवी ऑर्डर. अभिलेख अधिकारी: सोनम. मला विशेष कामगिरी: विस्कळीत अभिलेख पूर्ववत लावणे. विशेष हा शब्द रावसाहेबांनी उगाच घातलेला नसणार. सोबत एक नोटीस, खुलासा मागणारी. असल्या कामगिऱ्यांना वरून काहीतरी आवरण द्यावं लागतंच.

पोलिसांनी तक्रार बंद केली. कारण लिहिलंय: चोरी झाल्याचे दिसून येत नाही. असं तर प्रत्येक चांगल्या चोरीबद्दल म्हणता येईल.

करगोट्याची किल्ली सोनमला दिली. तिने ती आधी टिश्यू पेपरने पुसली.

२० मार्च, गुरुवार

कामगिरीचा तिसरा दिवस. बसलो की गठ्ठे सारखेच दिसतात. गेणबाला म्हणालो, जरा हात लाव. तो आला. गुडघा दुखत असताना खाली बसला आणि माझ्याबरोबर फडकी सोडायला लागला. मी म्हणालो, त्या दिवशीची पिशवी ही तपासाची बाब होती. तो म्हणाला, व्हय. एवढंच. मग म्हणाला, “साबन बायकूसाठी व्हता, भाऊसाहेब. ती दवाखान्यात हाय.”

मी हे कुणाला विचारलंच नव्हतं.

२७ मार्च, गुरुवार

प्रतिक्षाची तपासणी पार पडली. नेमणूक निश्चित. प्रयागबाई पेढे घेऊन आली. आधी सोनमला, मग रावसाहेबांना, गेणबाच्या हातात तर अख्खा पुडाच दिला, बायकूला न्या म्हणून. मी रेकॉर्ड रूममध्ये गठ्ठ्यांत होतो. वाटलं, इकडे काही येणार नाही. यावंच असं मी वागलोही नव्हतो, हे इथे लिहायला हरकत नाही, ही वही कुणी वाचत नाही.

ती आली. दारात उभी राहिली. मला पेढा दिला. मी आधी त्याकडे बघितलं. मग खाल्ला.

म्हणाली, एक काम हाय. पोरीनं तो कागुद मला दाखवला, पर तो मशीनीतला, काळाकुट्ट. सासऱ्याचा अंगठा त्यावर नुसता डाग दिसतो. त्येंचा फोटू कुठंच न्हाय. घर गेलं, रान गेलं, मानूस बी गेलं. अंगठा तेवढा सरकारनं ठिवला म्हनत्यात. खरा कागुद एकदा हातात घिऊन बगावा म्हनलं. नेनार न्हाय. हितंच बगते आन देते माघारी.

तिच्या मागे कुठलाही दलाल नव्हता. मी व्हरांड्याच्या टोकापर्यंत बघितलं.

बसा म्हणालो. ती दारातच भिंतीला टेकून बसली. मी भवानीनगर सोडलं, बेलवाडी सोडलं, सणसर सोडलं. अंगठे खूप निघाले. निळे, जांभळे, पुसट, दुसऱ्या गावांचे, दुसऱ्या माणसांचे. प्रत्येक वेळी ती मान पुढे करायची आणि मी मान हलवायचो. गेणबाने तिला पाणी दिलं, मग मलाही दिलं.

उन्हं उतरली. तिची पळसदेवची गाडी जायची वेळ झाली. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली.

“असू द्या, भाऊसाहेब,” म्हणाली. “पर आत हाय नव्हं?”

मी आहे म्हणालो.